दीड शेर शेंगा

आनंदघर, देवनहळ्ळी रस्ता, बंगळूर
३ जून २०२५

ती. कृष्णाबाई आजींना शालनचा सलाम.

तुमचे डबे पाठवतेय. तीन स्टीलचे, एक पितळी, झाकणं मोजून चार. आजोबांच्या तिथीचं जेवण मुलांनी असं चाटूनपुसून खाल्लं की शिवलीला म्हणाली, भांडी घासायची गरजच नाही. शिवलीला म्हणजे आमची स्वयंपाकीण, चिक्कोडीची. डबे रिकामे परत करायचे नाहीत हे आमच्या निपाणीलाही आहे, म्हणून तिखटमिठाच्या पुऱ्या घातल्यात. मागल्या वर्षी अशाच डब्यात चिठ्ठी टाकली होती आणि तुम्ही उलट टपाली विचारलंत, "मिशनच्या अनाथाश्रमात मराठी लिहिणारी ही कोण?" फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही हे एका परीनं बरंच झालं. नाहीतर मी वॉर्डनबाई एवढं लिहिलं असतं होय?

आता परवाची गंमत ऐका. परवा एक जून. ज्याचा जन्म कधीचा ते कुणालाच ठाऊक नाही, त्याच्या शाळेच्या दाखल्यावर एक जून पडतो. आमच्या तेवीस मुलांपैकी एकोणीस जण एक जूनचे! केकवर एकोणीस नावं मावेनात. बेकरीवाला विचारतो, "नाव सांगा अक्का, यादी नको." हॅप्पी बर्थडे डिअरच्या पुढं एकोणीस नावं म्हणेस्तोवर मेणबत्त्या वितळून केकात गेल्या. आमचे पास्टर बिंदुमाधव मेणाचा घास चावत "फार छान" म्हणाले. (नावावर जाऊ नका. पणजोबा मिरजेला ख्रिस्ती झाले, पण घराण्यानं जुनी नावं सोडली नाहीत. बावीस वर्षं हे घर ते चालवतायत आणि खोटं म्हणून बोलत नाहीत. केक त्यांना खरंच छान लागला असणार.)

आणि तिथंच सुप्रीतानं बाँब टाकला. आठ वर्षांची आहे, म्हणजे कागदावर आठ. चार वर्षांमागं येलहंका स्टेशनच्या बाकावर सापडली, आईचा पत्ता काही लागला नाही. ती म्हणाली, "अक्का, व्हाइटफील्डहून साहेबलोक वाढदिवसाला केक घेऊन येतात, आपण त्यांच्यासाठी गातो. यंदा एकसष्ट वेळा गायलो. ते सगळे आपापल्या दिवशी येतात. माझा दिवस कुठाय?"

मी म्हटलं, आजच की गं.

"आज एकोणीस जणांचा आहे. हा शाळेचा दिवस आहे. माझा कुठाय?"

मी तिच्या पुढ्यात केकचा तुकडा सरकवला, आजी. तो परत सरकवून तिनं जाहीर केलं की तिचा दिवस मिळेपर्यंत ती कुणासाठीही गाणार नाही. दुपारच्या चहापर्यंत तेवीसच्या तेवीस संपावर! ज्यांच्याकडे खऱ्या तारखा आहेत ते चौघंही सामील. आता तुम्हीच काही सुचवा. तिथ्या, नक्षत्रं, कुणाचं लग्न कोणत्या वारी, सगळं तुम्हाला तोंडपाठ असतं.

तुमची,
शालन


चामराजपेट, बंगळूर
९ जून २०२५

चि. शालनला अनेक आशीर्वाद.

पुऱ्या पोचल्या. चिवट होत्या. धर्माची गाय आणि दात का नाय, म्हणून गप्प खाल्ल्या.

तुझ्या एकोणीस पोरांत मलाही धर. विसावी मी. मला शाळेत घातलं तेव्हा मास्तरांनी वडलांना विचारलं, जन्म कधीचा? वडील म्हणाले, पाऊस पडत होता. अय्यो, बंगळुरात पाऊस कधी पडत नाही? मास्तरांनी एक जून टाकला आणि हात झटकले. आई तर मला आठवतसुद्धा नाही, विचारू कुणाला? सरी, असो, शहात्तर वर्षं त्यावाचून काही अडलं नाही, असं मी सगळ्यांना सांगते. खरं सांगू? स्वल्प अडतं. तुझ्या त्या पोरीला म्हणावं, संप मागं घेऊ नको.

पण तिचा दिवस मी कुठून काढू? पंचांगात तिथी असते, पोरं नसतात. एखादा तरी धागा हवा. काही आठवतंय का तिला, विचार.

तोवर मुलांसाठी वेगळं पान लिहिलंय. वाचून दाखव.

*

बाळांनो, ही माझ्या मुलाच्या जन्माची गोष्ट. श्रीहर्ष त्याचं नाव, व्हाइटफील्डला मोठा साहेब आहे, यंदा एकोणपन्नासचा होईल.

कार्तिकातला शेवटचा सोमवार होता. त्या दिवशी आमच्याजवळ बसवनगुडीत शेंगांची जत्रा भरते, कडलेकाई परिषे. नंदीच्या देवळापुढं रस्ताभर शेंगांचे ढीग. माझे दिवस भरलेले. सासूबाई म्हणाल्या, घरातून हलायचं नाही. मी हलले. नवऱ्याला म्हटलं, शेंगा मिळाल्या नाहीत तर मूल शेंगेसारखं वाकडं होईल. भगवंतराव भोळे, घाबरले. उभ्याउभ्या मी दीड शेर भाजक्या शेंगा खाल्ल्या. लोक हसायला लागले, एका पोरासाठी दीड शेर? आणि बरोबर नंदीसमोर कळ आली!

जटका बोलावला. जटका म्हणजे घोडागाडी, तेव्हा असायच्या. गर्दीत भगवंतरावांची डावी चप्पल गेली. त्यांच्या खिशात शेंगा भरलेल्या. घोड्याला वास लागला, त्यानं खिशातच तोंड घातलं आणि पुढं जाईना. शेवटी ते एका चपलेनं, हातात शेंग नाचवत पुढं पळाले आणि घोडा त्यांच्या मागं. मी आत ओरडतेय, तेही ओरडतायत, जटकेवाला तर सगळ्यांत जास्त. दवाखाना गाठला आणि तासाभरात हर्षा आला. मूठ घट्ट आवळलेली. सुईणीनं उघडली, तर आत शेंगेचं टरफल!

(शालन, टरफल मी नंतर जोडलंय. मुलांना सांगू नको.)

कृष्णाबाई


आनंदघर
२ जुलै २०२५

ती. आजींना सलाम.

उशीर झाला, माफ करा. तुमचं पत्र आलं त्या आठवड्यात मी तापानं आडवी होते. माझं पान वाचलं. मुलांचं पान शिवलीलानं त्यांना वाचून दाखवलं, आणि मी उठेस्तोवर ते गायब! गोष्ट कसली होती हो? मुलांना विचारलं की "घोड्याची होती" म्हणतात आणि तोंडं दाबून हसतात. शिवलीला म्हणते, मला काय आठवतंय बाई, माझी आमटी उतू जात होती.

संप जोरात चाललाय. रविवारी एक कुटुंब तीन मजली केक घेऊन आलं. मुलं ओळीत उभी, हात मागं, तोंडं शिवलेली. कॅमेरे चालू. शेवटी पास्टर एकटेच गायले, आणि त्यांना एकच चाल येते, चर्चमधली. तो बर्थडेवाला मुलगा घाबरून आईच्या मागं लपला.

पण आजी, खरी बातमी पुढंच आहे. शपथ घ्यायची नाही असं पास्टर सांगतात म्हणून नुसतंच सांगते. सुप्रीताला आठवलं! तुम्ही विचार म्हणालात ना, म्हणून विचारलं. भाजी निवडता निवडता म्हणाली, "माझ्या आईनं सांगितलं होतं. मी शेंगांच्या जत्रेत झाले." आई म्हणे पोटभर शेंगा खात होती, नंदीसमोर कळा आल्या, घोडागाडीतून नेलं, बापाची चप्पल हरवली. घोडागाडीपाशी मी स्वल्प अडखळले (बघा, तुमचा स्वल्प मलाही लागला). आजकाल घोडागाडी कुठली? पण मी या शहरात चारच वर्षं आहे. तुमच्या जुन्या भागात असतीलही. आणि इतकं बारीक कुणी मनानं रचतं का? चप्पल कोण रचेल?

मी रडले, आजी. चार वर्षांत या पोरीनं आई हा शब्द काढला नव्हता.

आता अडचण पास्टरांची. शाळेच्या कागदावर एक जून राहू दे, त्याला त्यांची हरकत नाही. पण आमच्या जेवणघराच्या भिंतीवर त्यांनी मोठं कॅलेंडर रंगवलंय, त्यावर वाढदिवस लिहितात. ते म्हणाले, "या भिंतीखाली बसून आपण प्रार्थना करतो. तिच्यावर मी ऐकीव गोष्ट लिहिणार नाही. जाणत्या माणसानं लेखी ग्वाही दिली तर लिहीन." जाणतं माणूस तुमच्यावाचून मला कोण आहे? ती जत्रा असते ना खरंच? कधी असते? लिहून द्याल का? पोर रोज गेटवर टपालवाल्याची वाट बघतेय. नखं खाऊन संपवलीत तिनं.

तुमची,
शालन


चामराजपेट
८ जुलै २०२५

चि. शालनला आशीर्वाद.

तुझं पत्र तीनदा वाचलं. पहिल्यांदा इतकी हसले की शेजारची सून बघायला आली. दुसऱ्यांदा चष्मा पुसावा लागला. तिसऱ्यांदा वाचून झाल्यावर देवापुढं जाऊन बसले आणि म्हटलं, बाबा रे, आता तूच सांभाळ.

जत्रा खरी, कशी नसेल? कार्तिकातला शेवटचा सोमवार. यंदा तो सतरा नोव्हेंबरला येतो. तारीख दर वर्षी पुढंमागं होईल, पण जत्रा चुकायची नाही. तुझ्या त्या व्हाइटफील्डवाल्यांना कुणाला वाढदिवसाला आख्खी जत्रा मिळते का, विचार.

सुप्रीताला माझ्यातर्फे दोन गोष्टी विचार. एक, चप्पल डावी की उजवी? दोन, बाळाच्या मुठीत काही होतं का? काय म्हणते ते मला कळव. आणि तिला म्हणावं, नखं खाऊ नको, शेंगा खा.

ग्वाही खाली लिहितेय. पास्टरांना दे. वाचताना घाई करू नका म्हणावं.

"मी कृष्णाबाई भगवंतराव, राहणार चामराजपेट, लिहून देते की, कार्तिकातल्या शेवटच्या सोमवारी बसवनगुडीच्या शेंगांच्या जत्रेत, नंदीच्या देवळापुढं एका बाईला कळा आल्या, तिला घोडागाडीतून नेलं, बापाची चप्पल हरवली आणि त्याच दिवशी मूल जन्मलं, ही गोष्ट खरी आहे. त्या बाईला मी चांगली ओळखते. तिनं आपल्या लेकरापासून ही गोष्ट कधी लपवली नाही. मुठीत टरफल निघालं असं कुणी म्हणालं तर त्याची हमी मी देत नाही. बाकी सगळ्याची देते."

सरी?

कृष्णाबाई


आनंदघर
८ नोव्हेंबर २०२५

ती. आजींना सलाम.

चार महिन्यांत तुम्हाला दोन ओळींची कार्डंच पाठवली, रागावू नका. पण भिंत एकदा येऊन बघाच! पास्टरांनी तुमची ग्वाही प्रार्थनेच्या वेळी सगळ्यांसमोर वाचली. "अशी काटेकोर बाई मी पाहिली नाही, टरफलाचं वेगळं लिहिलंय," म्हणाले. लगेच शिडीवर चढले आणि लाल रंगानं लिहिलं: शेंगांचा सोमवार, सुप्रीता. चप्पल डावी होती, तुम्हाला कळवलंच आहे. आणि मुठीत टरफल होतं असं तीच आधी बोलली! तुम्हाला कसं हो कळलं?

संप मिटला, पण आता सगळ्यांनाच दिवस हवेत. योगीराजला पंचवीस डिसेंबर पाहिजे. पास्टर म्हणाले, तो दिवस आधीच एकाला दिलेला आहे. संग्रामला ज्या दिवशी कोंबडी असते तो दिवस हवा, म्हणजे महिन्यातून दोनदा. प्रियदर्शनी म्हणते, मला फेब्रुवारीतला एकोणतीस द्या, मी लवकर म्हातारी होणार नाही. सगळ्यांना पास्टर एकच सांगतात, आधी पुरावा आणा.

सतराला तुम्ही यायचंच. सुप्रीता रोज भिंतीपाशी जाऊन आपल्या नावावरून बोट फिरवते. लाल रंग बोटाला लागायचा थांबला तेव्हा मला म्हणाली, "अक्का, आता वाळलं. आता कुणी पुसू शकत नाही ना?"

तुमची,
शालन


चामराजपेट
१३ नोव्हेंबर २०२५

चि. शालनला आशीर्वाद.

आंघोळीच्या दगडावरून पाय घसरला आणि घोटा सुजून भोपळा झालाय. डॉक्टर म्हणतो, हलायचं नाही. मागं एकदा असं सांगितलं होतं तेव्हा मी हलले होते, पण आता हलवायला भगवंतराव नाहीत. मी येत नाही.

माझ्याऐवजी हर्षाला धाडतेय. रजा काढतो म्हणालाय, आईचं ऐकलं यंदा, नवलच. सकाळी जत्रेतून दोन पोती शेंगा घेऊन येईल. एक भाजक्या, एक ओल्या. ओल्या मिठात उकडा. त्याला जेवू घाल, फार प्रश्न विचारू नको, तो भिडस्त आहे, बोलत नाही फारसं.

पोरीला माझ्यातर्फे मीठमोहऱ्यांनी ओवाळ. पास्टरांना चालत नसेल तर स्वयंपाकघरात ने आणि ओवाळ.

कृष्णाबाई


आनंदघर
१८ नोव्हेंबर २०२५

आजी! आजी! आजी!

भिडस्त? बोलत नाही फारसं? तुमच्या मुलाला तुम्ही कधी शेंगांसमोर बसवून पाहिलंय का? आणि तुम्ही! मला एका शब्दानं सांगितलं नाहीत! थांबा, क्रमानं लिहिते.

श्रीहर्षदादा दहाला आले. पोती उतरवली. शिवलीलानं परातीएवढा शेंगदाण्याचा लाडू केला होता, केकऐवजी. सुप्रीताच्या गळ्यात शेंगांचीच माळ, नवा पिवळा फ्रॉक, पोर नुसती तरंगत होती. सगळे व्हरांड्यात गोल करून शेंगा फोडायला बसले. दादांनी एक शेंग उचलली, कानाशी हलवली आणि म्हणाले, "मुलांनो, माझा जन्म कसा झाला, माहीत आहे का?"

योगीराज ताडकन उठला आणि बोंबलला, "हॅप्पी बर्थडे टू यू!"

सगळे त्याच्या सुरात. दादांनी कौतुकानं टाळ्या वाजवल्या. गाणं संपलं. "हं, तर माझी आई, दिवस भरलेले..." लगेच दुसऱ्यांदा हॅप्पी बर्थडे! आणखी मोठ्यानं! मी म्हटलं, झालंय काय या पोरांना, जूनमध्ये तोंड उघडायला तयार नव्हती ती? तिसऱ्यांदा शिवलीलासुद्धा डाव आपटत गायला लागली. पास्टर एवढे खूष की चर्चच्या चालीत मिसळले. पाच वेळा, आजी! पाचव्या वेळी मुलांचे घसे बसले, संग्राम नुसताच ओठ हलवत होता. आणि दादांचा आवाज मीटिंगांत तयार झालेला. त्या फटीत त्यांनी वाक्य पुरं केलं: "...आणि घोड्यानं माझ्या वडलांच्या खिशात तोंड घातलं!"

संग्रामनं कपाळावर हात मारला.

पास्टरांच्या हातातली शेंग हातातच राहिली. "घोड्यानं?" ते म्हणाले. मग भिंतीकडं बघितलं. मग माझ्याकडं. मला अजूनही काही कळलं नव्हतं, इतकी मी बावळट. सगळ्या मुलांना जूनपासून ठाऊक होतं. शिवलीलालासुद्धा! आमटी उतू जात होती म्हणे!

सुप्रीतानं माळ काढली, लाडवावर ठेवली आणि निघून गेली. पाण्याच्या टाकीमागं सापडली. मी जवळ बसले. रागावू की पोटाशी धरू, समजेना. ती माझ्याकडं न बघता म्हणाली, "अक्का, मला आईचं काहीच आठवत नाही. डोळे मिटून बघते तर नुसता बाक दिसतो. अज्जीच्या गोष्टीतली आई चांगली होती. शेंगा खात होती, ओरडत होती. म्हणून मी ती घेतली. भिंतीवरचं पुसा."

मी तिला घट्ट धरलं आणि दोघी रडलो.

तेवढ्यात पास्टर आले, हातात तुमची ग्वाही. पँट मळेल याचा विचार न करता मातीत बसले. एकेक ओळ बोट ठेवून वाचली. "बाईला चांगली ओळखते... हो, ओळखणारच. लेकरापासून लपवली नाही... हो, तो आत्ताही थांबत नव्हता." मग मान वर करून म्हणाले, "शालन, यात एक शब्द खोटा नाही. टरफलसुद्धा सोडून दिलंय. या बाई वकील व्हायच्या राहिल्या." आणि आजी, ते हसायला लागले. बावीस वर्षांत त्यांना असं पोट धरून हसताना कुणी पाहिलं नव्हतं. सुप्रीतासुद्धा नाक पुसायचं विसरली. पण मग ते गंभीर झाले. "गोष्ट खरी आहे, बाळ. पण दिवस दुसऱ्याचा आहे. विचारल्याशिवाय घेतलेली वस्तू ठेवता येत नाही."

मागून दादा आले. मुलांनी त्यांना सगळं सांगितलं होतं. केसांत टरफलं, डोळे लाल. म्हणाले, "दिवस माझाच ना? माझा वाढदिवस मी तारखेनं करतो, पंधराला. परवाच हॉटेलात झाला. हा सोमवार कधीपासून नुसता पडून आहे. मला दोन आहेत आणि हिला एकही नाही."

पास्टर म्हणाले, "ज्याच्याकडं दोन आहेत त्यानं काय करावं, हे मी दर रविवारी सांगत आलोय. कुणीतरी ऐकलेलं आज पहिल्यांदा बघतोय."

दादा म्हणाले, दान द्यायचं तर उदक सोडावं लागतं, आई सांगते. मग काय, शिवलीलानं तांब्या आणला. दादांनी हात पुढं केला, पास्टरांनी त्यावर पाणी ओतलं, आणि दादा म्हणाले, "कार्तिकातला शेवटचा सोमवार, जत्रा, घोडा, चप्पल आणि टरफल यांसह, मी सुप्रीताला दिला." ते पाणी तिच्या ओंजळीत पडलं. पास्टर "आमेन" म्हणाले. ती ओंजळ घेऊन पोर भिंतीपर्यंत गेली, एक थेंब सांडू दिला नाही, आणि नावाखाली रंगूनवेलीच्या कुंडीत ओतली. मग सहाव्यांदा हॅप्पी बर्थडे. कुणाच्याच घशातून आवाज निघत नव्हता. इतकं बेसूर गाणं मी जन्मात ऐकलं नाही, आणि इतकं गोडही नाही.

तुमच्यावर मी रागावलेय, हे लक्षात असू द्या. पुढचं पान सुप्रीताचं. ती सांगत गेली, मी लिहीत गेले, एक शब्द बदलला नाही.

तुमची,
शालन

*

अज्जी,

मी तुमची गोष्ट न विचारता घेतली. सॉरी. शिवलीलाअक्काकडून पान मीच घेतलं होतं. उशीखाली आहे. परत पाठवू का? मला पाठ आहे, पण तरी विचारते.

हर्षामामा म्हणाला, आपला दिवस एक, गोष्ट एक, म्हणजे आपण जुळे. मी म्हटलं, मग मी एवढी उशिरा का आले? तो म्हणाला, ट्रॅफिक होता. मला पटलं. तो व्हाइटफील्डहून आला तेव्हापण दीड तास लागला.

शेंगा खूप आवडल्या. मी सगळ्यांत जास्त खाल्ल्या. पोट दुखलं, पण कळ आली नाही.

आता एक विचारायचंय. जुळे असतो तर त्या घोडागाडीत तुमच्या पोटात मीपण होते ना? खरं सांगा. टरफलासारखं नको.

सुप्रीता


चामराजपेट
२४ नोव्हेंबर २०२५

चि. सुप्रीताला खूप खूप आशीर्वाद.

शालनअक्काला आधी सांग, राग गिळ, पुऱ्या मऊ करायला शीक. शेंगा दिसल्या की हर्षाचं तोंड सुटतं, हे मी त्याला जन्म देऊन विसरले. चूक माझी. पान परत पाठवू नको. गोष्ट ज्याला पाठ, त्याची.

आता तुझा प्रश्न. खरं विचारलंस म्हणून खरंच सांगते, टरफलासारखं नाही.

त्या दिवशी मी दीड शेर शेंगा खाल्ल्या. सासूबाई हसल्या, जटकेवाला हसला, भगवंतराव तर मरेपर्यंत हसत होते, एका पोरासाठी दीड शेर? मलाही कोडंच होतं. हर्षाला तर लहानपणापासून पाव शेर शेंगा खाल्ल्या की पुरे होतं, वर एक शेंग जात नाही.

बाकीच्या सव्वा शेर कुणी खाल्ल्या, ते मला एकोणपन्नास वर्षांनी आत्ता कळलं.

तुम्हां दोघांची,
कृष्णाबाई